खंडेनवमीचं नेटवर्क कार्ड

जयमाला शेलार साधी बाई आहे असं कुणी म्हटलं, तर ती काम करते ते महाप्यातलं अख्खं डेटा सेंटर हसेल. नव्यानं लागलेल्या कितीतरी इंजिनिअरांना तिनं स्टोअरमध्ये वायरलेसची वायर आणायला पाठवलेलं आहे. एकाला तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की, हॉलमध्ये जोरात शिंकलं की मशिनी दचकतात. तो बिचारा सर्दी झालेली असताना आठवडाभर नाक दाबून काम करत होता. हे सगळं करताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नाही, म्हणून लोक दरवर्षी नव्यानं फसतात.

एका बाबतीत मात्र ती थट्टा करत नाही. तिच्या गळ्यातला सर्व्हर हॉलचा पास. त्या दारातून आत जायला कंपनीच्या मोठ्या साहेबालासुद्धा आधी रजिस्टरमध्ये सही ठोकावी लागते आणि बरोबर कुणीतरी घ्यावं लागतं. जयमाला पास टेकवते आणि दार उघडतं. तिचे वडील, मानसिंग, साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात उभी हयात पोती वाहत होते. पोरगी आयटीआय करून इथं लागली तेव्हा तो पास त्यांनी मार्केटभर फिरवून दाखवला होता, आणि तिला त्या दिवशी पासाशिवाय गेटवर ताटकळत बसावं लागलं होतं.

मानसिंगांनी लेकीला शिकवलेली गोष्ट एकच. खंडेनवमीला ते पोती ओढायचा लोखंडी हूक धुऊन पुसून पाटावर ठेवत, हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावत नसत. ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्याला वर्षातून एकदा हात जोडायला काय जातं, असं त्यांचं म्हणणं. सर्व्हर काही एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत. पण हात जोडायला जयमालाचं काय जात होतं?

गेल्या वर्षी गेलंच. तिनं सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ घातली, पंख्यानं एक पाकळी आत ओढली, पंखा अडकला आणि अलार्म असा बोंबलला की खालचे वॉचमन वर धावले. अभय सर हॉलचे मॅनेजर, नियमांचा माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली: हॉलच्या आत फूल, हळद, कुंकू, अगरबत्ती, काहीही चालणार नाही. जयमालाला वेगळं बोलावून त्यांनी सांगितलं की, पुन्हा असं झालं तर पास जमा, आणि रिसेप्शनला बसून पाहुण्यांना बिल्ले वाटायचे. जयमालाला ते फार लागलं. बिल्ले वाटण्यापेक्षा आपण घरी बसून लोणची घालू, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिला लोणचं घालता येत नाही हे नवऱ्याला ठाऊक असल्यामुळे तो गप्प बसला.

यंदा नेमकी खंडेनवमीलाच नव्या नेटवर्क कार्डांची ट्रायल आली. हे कार्ड सर्व्हरच्या पोटात बसतं. मशीनमध्ये जे काही येतं आणि जातं, ते त्याच्यातूनच. आता एकाच मशीनमध्ये सॉफ्टवेअरनं उभे केलेले वीस-पंचवीस खोटे सर्व्हर नांदत असतात, आणि जुन्या कार्डावर त्यांची चाळीतल्या नळावर होते तशी भांडणं होत. नवं कार्ड स्वतःचेच भाग पाडून प्रत्येकाला वेगळी तोटी काढून देतं. प्रत्येकाला वाटतं, नळ आपल्या एकट्याचा. वर वाटावाटीचं हे काम कार्डच करत असल्यामुळे मशीनच्या मेंदूला तेवढी उसंत मिळते. मग तेच काम कमी मशिनींत होतं, वीज कमी लागते आणि एसीलाही दम खाता येतो. गिऱ्हाईक यावर खूश होतं, फक्त आधी वेग डोळ्यांनी बघायचा होता.

कार्डं बसवायचं काम जयमालाचं. हॉलबाहेरच्या जोडणीच्या खोलीत तिनं ती सकाळीच टेबलावर मांडली. नोटिशीत "हॉलच्या आत" असं लिहिलं होतं आणि ही खोली हॉलच्या बाहेर होती. वकिलालासुद्धा खोट काढता येणार नाही, असं मनाशी म्हणत तिनं प्रत्येक कार्डाच्या लोखंडी पट्टीवर ओल्या कुंकवाचा मोहरीएवढा ठिपका लावला, हात जोडले आणि चहा प्यायला गेली. परत येऊन कार्डं मशिनींत चढवली, फायबर जोडली, आणि गंगेत घोडं न्हालं असं तिला वाटलं.

घोडं कसलं न्हातंय! ट्रायल सुरू झाली आणि एक मशीन रडायला लागलं. लिंक तुटत नव्हती, पण पाठवलेला डेटा वाटेत गळत होता आणि तोच तोच परत पाठवावा लागत होता. वेग जुन्या कार्डापेक्षाही कमी, वीज मात्र जास्त. कार्ड विकणाऱ्या कंपनीचा केयूर नावाचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन मांडी घालून बसला. आधी त्यानं वाटावाटीच्या सेटिंगला दोष दिला, मग वीज वाचवायच्या सेटिंगला, मग गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरला. आपल्या कार्डाकडे त्यानं बोटसुद्धा दाखवलं नाही.

जयमालाला मात्र वेगळीच शंका आली. फायबरमधून उजेड धावतो, आणि त्याच्या तोंडाशी धुळीचा कण बसला तरी तो अडखळतो, हे ती नव्या पोरांना शिकवत आली होती. आपलंच कुंकू वाळून आत पडलं असणार! देवाला हात जोडले आणि देवानंच हात दाखवला. आता कुणी फायबर जिथं बसते तो पोर्ट उघडून बघितला की पास गेला आणि बिल्ले आले.

त्याआधी आपणच गुपचूप साफ करावं म्हणून तिनं केयूरला वाटेला लावायचं ठरवलं. नाक्यावरची मिसळ अशी आहे की उशीर झाला तर नुसता पाव मिळतो, असं तिनं त्याला सहज सांगितलं. केयूरनं जाता जाता शेवटचं एक सेटिंग बदललं आणि तो पळाला. जयमाला रॅकमागे गेली, फायबर सोडली, साफ करायची काडी पोर्टमध्ये फिरवली आणि बाहेर काढून बघितली.

काडी पिवळीधमक होती.

ती बघतच राहिली. तिनं तर लाल लावलं होतं. आणि कुंकवाशिवाय नुसती हळद कोण वाहतं? सवाष्ण तर नाहीच. नुसती हळद एकाच देवाला, जेजुरीच्या. त्या खोलीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. आणि त्या माणसाची दाढ दर सोमवती अमावास्येला न चुकता दुखते, चंपाषष्ठीला तर तो सुट्टी घेऊनच डेंटिस्टकडे जातो, हे तिला एकदम आठवलं. पंचांग बघून दुखणारी दाढ तिनं तरी दुसऱ्या कुणाची बघितली नव्हती.

एवढ्यात दार उघडलं. नवरात्राच्या उपासांमुळे मिसळवाल्यानं दुकानच उघडलं नव्हतं, म्हणून केयूर चरफडत परत आला होता, आणि त्याच्या मागून अभय सर. दोघांनी जयमालाला बघितलं, तिच्या हातातली काडी बघितली. सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्यांनी आवाज चढवला. नोटीस लावूनही हे चाळे, गिऱ्हाइकाच्या ट्रायलच्या दिवशी, बाहेरच्या माणसासमोर, असं बरंच काही ते बोलले. बोलताना काडीकडे मात्र चुकूनही बघत नव्हते.

"हळद आहे ही, जयमालाताई. पास काढा."

जयमाला कात्रीत सापडली. माझी हळद नाही म्हणावं, तर मग तुमचं काय होतं, असा पुढचा प्रश्न. कुंकू होतं म्हणावं, तर आपल्याच तोंडानं गुन्हा कबूल. तिनं पास गळ्यातून काढला. आता आपण रडणार की काय या विचारानं तिला स्वतःचाच राग आला. रागावली की तिचं डोकं छान चालतं. पास सरांच्या हातावर ठेवता ठेवता तिनं डोळे मिटले आणि थकलेली बाई देवाचं नाव घेते तशी ती पुटपुटली,

"येळकोट येळकोट..."

"जय मल्हार!" अभय सर म्हणाले.

म्हणाले कसले, गरजले. ज्याला पाळण्यात असताना कपाळाला भंडारा लागलाय, त्याच्या तोंडून ते आपोआपच येतं, त्याला विचार करावा लागत नाही. उजवा हातसुद्धा पासासकट कपाळाला गेला. मग तो तिथंच थांबला. 

केयूरनं विचारलं की हे काय चाललंय. जयमाला शांतपणे म्हणाली की काही नाही, धूळ होती, निघाली, तुम्ही तुमची ट्रायल लावा. तिनं फायबर परत जोडली. पडद्यावरचा वेग सरसर वर चढला, विजेचा आकडा खाली आला, आणि केयूर आनंदानं ओरडला की मिसळीला जाताना बदललेलं सेटिंगच बरोबर होतं. ते तो लगेच गिऱ्हाइकाला फोन करून सांगायला बाहेर गेला. त्याला दोघांनीही अडवलं नाही.

हॉलमध्ये दोघंच उरले. सर रॅककडे बघत बोलायला लागले. सकाळी ती चहाला गेली तेव्हा ते जोडणीच्या खोलीत तपासायलाच गेले होते. तिथं प्रत्येक कार्डावर लाल ठिपका दिसला. खरं तर तेव्हाच पास काढून घ्यायचा, पण या ट्रायलच्या काळजीनं त्यांना रात्रभर झोप नव्हती.

"म्हटलं, ताईंनी देवीचं केलं, मग आमच्या मल्हारीनं काय पाप केलंय?" ते म्हणाले. "चिमूटभरच भंडारा उधळला. एका पोर्टाची टोपी निघालेली होती, ते दिसलं नाही."

"आणि माझा पास मागताना मल्हारी कुठं होता, सर?"

अभय सरांनी हातातला पास उलटासुलटा करून बघितला.

"घाबरलो हो, ताई."

इतक्या वर्षांत साहेबांच्या तोंडून आलेलं हे पहिलंच वाक्य तिला पुरतं खरं वाटलं, आणि त्यांची थोडी दयाही आली. फार नाही. तिनं हात पुढे केला. सरांनी त्यावर पास ठेवला. तिनं तो गळ्यात घातला आणि हात पुन्हा तसाच पुढे धरला. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, आणि मुकाट्यानं पाकिटातून भंडाऱ्याची पुडी काढून तिच्याकडे जमा केली.