स्टेबल म्हंजे पागा

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते पेठ वडगावच्या आमच्या गोठ्यात म्हशीची धार काढत होते. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आयसीयूच्या दारात आले, "पेशंट स्टेबल आहे," एवढंच म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे बरं का वाईट?"

मी सत्तावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवते. पोरांनी स्पेलिंग चुकवलं की माझा पारा चढतो. आईलाही वर्गात सांगावं तसं मी स्टेबल म्हणजे स्थिर, असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, दगडबी स्थिरच असतो.

बाकावर धाकटे चुलते बसले होते. त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या घोड्यांची निगा राखण्यात गेली. इंग्रजी म्हणाल तर तिथं कानावर पडलं तेवढंच. ते ठासून म्हणाले, "स्टेबल म्हंजे पागा की. आख्खी नोकरी काढली मी स्टेबलात. माणसाला पागंत कशाला घातलंय त्यांनी?"

मी त्यांच्यावर खेकसले. तो शब्द वेगळा, हा वेगळा, माहीत नसेल तर गप्प बसावं, असं बरंच काही बोलले. मला भीती वाटली म्हणजे माझ्यातली मास्तरीण जागी होते, ही खोड जुनीच. चुलते उठले आणि चहा आणायला गेले.

मला लाज वाटली. निदान आपलं खरं आहे ना ते पाहावं, म्हणून मोबाईलवर डिक्शनरी उघडली. नोंदी दोन होत्या, पण मूळ एकच निघालं. लॅटिनमधलं उभं राहणं. जनावर उभं राहतं ती जागा स्टेबल, आणि उभं राहिलेलं जे ढळत नाही तेही स्टेबल. पुढं लिहिलं होतं की संस्कृतातला स्था हा त्याच भावकीतला. म्हणजे स्थिर आलं, स्थान आलं, आणि स्थानाचंच तर ठाण झालं. आमच्या गोठ्यात प्रत्येक म्हशीचं ठाण ठरलेलं आहे. भलत्या ठाणावर बांधली की ती पान्हा चोरते, दूध सोडत नाही. जन्मभर शिकवलेला शब्द माझ्याच गोठ्यात खुंट्याला बांधलेला होता. आयसीयूच्या दारात मला हसू फुटलं.

चुलते चहा घेऊन आले तेव्हा म्हटलं, तुमचंच बरोबर होतं. त्यांनी नुसतं "व्हय की" म्हणून कप पुढं केला.

पण उभं राहणं हा अर्थ वाचला आणि दुसरीच धास्ती बसली. वडील जगतील, असं डॉक्टर म्हणू लागले होते. ते उभे राहतील का, हे कुणी सांगेना. घरी आणल्यावरही महिनाभर ते कॉटवरच होते. वॉकर आणला तर त्याला हात लावीनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी दोनदा परत पाठवलं. मी रागावले, रडलेसुद्धा. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मग एका सकाळी आई कुरकुरत आली. थोरल्या म्हशीला वडिलांच्याच हाताची सवय, आणि ती पुन्हा पान्हा चोरत होती. वडिलांनी ते ऐकलं आणि चुलत्यांना हाक मारली. चुलत्यांनी त्यांना काखेत धरून गोठ्यापर्यंत अक्षरशः ओढत नेलं आणि म्हशीच्या ठाणावर नेऊन सोडलं. माझा जीव टांगणीला लागला. वडिलांनी उजवा हात म्हशीच्या पाठीवर रोवला. लुळा डावा पाय लटपटला, पुन्हा लटपटला, मग टेकला. म्हैस जागची हलली नाही.

आई धारेची चरवी घेऊन दारात थांबली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "स्टेबल म्हंजे ह्येच न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय, ह्येच."