पूजेत बांधलेले शब्द

आधी कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला बोलायला नको. अनुसूया मला पहिल्यांदा वाटली ती अंगात येणारी बाई. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मी दाराला लिंबू-मिरची बांधली होती.

मंडी मोहल्ल्यात तिची आणि आमची भिंत एकच. मी तिथे राहायला गेले त्याच आठवड्यात सकाळी साडेपाचला पलीकडून आवाज सुरू झाला. एक शब्द, कुठल्याच देवाच्या स्तोत्रात न बसणारा, आणि मग ठक. मग काहीतरी पुटपुटणं, पुन्हा ठक. मग एक लांबलचक वाक्य, आणि तिसरा ठक. असं तासभर. मध्येच एक बारीक खोकला, नाहीतर "शी, विसरले" असं स्वतःवरच चिडणं. आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती दिसली, तेव्हा मी अगदी गोड आवाजात विचारलं, की तुमच्याकडे देवी कुठल्या वारी येते, मला पण एक विचारायचंय.

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "अक्का, देवी नाही, इंग्लिश. आणि ते पण येत नाहीये."

तर अशी ही अनुसूया. वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणायची, वेळ कुठे होता. कडकोळच्या कारखान्यात रंग तपासायची नोकरी, सकाळी आठला स्कूटरवर निघायची. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजोबा, वडील, सगळे कापडावर लाकडी ठशांनी छाप उठवणारे. वडील श्रीनिवासराव गेले आणि धंदा बंद पडला, ठसे तेवढे मागच्या खोलीत राहिले. हिनं रसायनशास्त्रात एमएस्सी केलं होतं, आणि डोक्यात एकच वेड: आजोबा जो लाल रंग करायचे, चाळीस धुण्यांनंतरही न जाणारा, तो का जात नव्हता यावर डॉक्टरेट करायची. विद्यापीठात तिला शिकवायला तयार असलेले एकच सर होते, आणि ते पुढच्या मार्चला निवृत्त होणार होते. म्हणजे या वर्षी प्रवेश परीक्षा पास झाली तर झाली, नाहीतर आय्तु, संपलं.

परीक्षेत रसायनशास्त्र तिला सुम्मने, खेळ. अडत होतं ते पहिल्या भागात, इंग्लिशच्या अवघड शब्दांत. दोनदा बसली होती. एकदा तीन मार्कांनी गेलं, एकदा एका मार्कानं. शाळा कन्नडात झालेली, घरात आमची ही अर्धी कन्नड मराठी, आणि पेपरात विचारणार 'ऑब्ड्युरेट' म्हणजे काय. हट्टी, न वळणारा. मी म्हटलं, तुझा फोटो लावला असता तरी चाललं असतं.

पाठ करायची तिची रीत मात्र घराण्यातली. कापडावर एक फूल उठवायला तीन ठसे लागतात, एक रेषेचा, एक आतल्या भरणीचा, एक मागच्या जमिनीचा. तसाच हिचा एक शब्द. आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्य, आणि दर वेळी वडिलांचा कोयरीचा ठसा घडी घातलेल्या चादरीवर कोरडाच ठोकायचा. शब्द पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले. सहाशे पक्के झाले होते. न बसणारे दोनशे अकरा वेगळ्या डब्यात.

हे सगळं चालायचं तिच्या आईच्या खोलीत, कारण गंगाबाईंना एकटं ठेवता यायचं नाही; ही कामावर गेली की दिवसभर एक बाई असायची. चार वर्षांपूर्वी वारा गेला होता त्यांच्यावरून. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. हूं नाही की चूं नाही. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसायच्या, डोळे मिटून. पूर्वी छापखान्यातही त्या अशाच बसायच्या म्हणे, भिंतीला पाठ लावून, आणि कुठला ठसा कुठे पडायचा ते हाक देऊन सांगायच्या. एकही कापड त्यांच्या हाकेशिवाय पुरं झालं नाही. आता अनुसूया रोज त्यांच्या पायाशी बसून शब्द ठोकायची आणि त्यांच्या पापणीलाही समजायचं नाही.

नवरात्रात अनुसूयेची वहिनी विशालाक्षी बेंगळूरहून आली, बाहुल्या मांडायला. गोंबे मांडावेत तर तिनंच. गंगाबाईंच्या खोलीत नऊ पायऱ्या, वर राजा-राणी, खाली वाणी-वाणीण, शिपाई, सगळे रांगेत आपल्याकडे बघत असलेले. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. अनुसूयेनं कारखान्यातून रजा काढून ठेवली होती, बुधवार ते शनिवार फक्त ते दोनशे अकरा.

मंगळवारी सरस्वतीची पूजा. मी वहिनीला मदत करत होते. ठसे मांडले, पोथ्या मांडल्या, आणि वहिनीनं अनुसूयेचा तो दोनशे अकरांचा डबा आणला, म्हणाली, विद्याच ती, पूजेत ठेवली तर पास होईल. आणताना डबा हातातून निसटला. चिठ्ठ्या खोलीभर. तिनं गोळा केल्या तशा एकावर एक रचल्या, उलटसुलट, आणि लाल रेशमी दोऱ्यानं बांधून, कुंकू-फूल वाहून, आरती करून टाकली.

अनुसूया संध्याकाळी आली आणि दारातच उभी राहिली. तुम्ही म्हणाल, मग घ्यायचा ना गठ्ठा उचलून. त्या घरात ते होत नाही. एकदा हत्यारं आणि पुस्तकं पूजेत बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, डोळ्यांनी अक्षर वाचायचं नाही. श्रीनिवासरावांनी एका नवमीला ऑर्डर पुरी करायची म्हणून एक ठसा काढला होता. सगळ्या कापडावर रंग फुटला, एक रंग दुसऱ्यात उतरला, आणि पौषात त्यांचा तोच हात बधिर झाला तो शेवटपर्यंत. हे अनुसूयेनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. रसायनशास्त्र एका बाजूला राहतं हो, बापाचा हात एका बाजूला.

अनुसूया बुधवारी दुपारी माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, आठवायला जातेय तर एकही वर येत नाहीये, तलकाडच्या देवळांसारखे वाळूत गेले सगळे. वहिनी बाजारात गेली होती. गंगाबाईंना झोप लागली म्हणून हिनं बाहेरून कडी लावली होती, पाच मिनिटांसाठी. मी कॉफीचा लोटा तिच्या हातात दिला.

आणि भिंतीपलीकडून अनुसूयेचा आवाज आला.

एक शब्द. ठक. मग अर्थ. ठक.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते. लोटा तसाच हातात. पलीकडून बारीक खोकला आला, तिचाच. मग "शी, विसरले", तिच्याच चिडक्या सुरात.  अनुसूया इतकं हळू बोलली की मला तिचे ओठच वाचावे लागले. "अक्का, मी इथे आहे, अल्वा?"

मी म्हटलं, आहेस.

गेलो दोघी. कडी बाहेरूनच लागलेली होती. आत पडदे ओढलेले, समईचा उजेड, पायऱ्यांवर बाहुल्या. त्यांच्यासमोर खुर्चीत गंगाबाई, डोळे मिटलेले, डाव्या मुठीनं खुर्चीच्या हातावर ठोका देत होत्या. आणि त्या ऐंशी वर्षांच्या तोंडातून अनुसूयेचा त्रेचाळीस वर्षांचा आवाज येत होता. म्हातारीला इंग्लिशचं अक्षर माहीत नव्हतं. 'टॅसिटर्न.' ठक. अबोल, कमी बोलणारा. ठक. मग वाक्य, अनुसूयेनं बनवलेलं, जसंच्या तसं: माझी आई टॅसिटर्न नव्हती.

अनुसूया त्यांच्या गुडघ्यांशी बसली. आई, पाणी देऊ का, विचारलं. काही नाही. आई, मी अनु. काही नाही, पुढचा शब्द. तिनं हात धरला तर डावी मूठ तिच्या हातातूनच ठोका देत राहिली. चार वर्षं ती एवढ्यासाठी थांबली होती, की आईनं एकदा नावानं हाक मारावी. आवाज आला, पण तो हिचाच, आईचा नाही.

मग मी एक बघितलं. अनुसूया समोर बसल्यापासून शब्द आला की गंगाबाई थांबत होत्या, अर्थ स्वतः सांगत नव्हत्या. अनुसूया गप्प राहिली की पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच. शेवटी अनुसूयेनं अर्थ सांगितला, तेव्हा ठोका पडला आणि त्या पुढे गेल्या. ती चुकली की पुन्हा मागे. छापखान्यात ठसा तिरका पडला की पुन्हा ठेवायला लावायच्या, तसंच. अनुसूयेनं पदर खोचला. रडत होती आणि अर्थ सांगत होती.

वहिनी परत आली, दारातून ऐकलं, आणि भाजीची पिशवी तिथेच ठेवून माझ्या घरी आली ती शनिवारपर्यंत झोपायला माझ्याकडेच. पुजाऱ्याला बोलवा म्हणत होती. मी पण काही शूर नाही. पण दुपार झाली की माझे पाय तिकडेच वळायचे. बुध, गुरू, शुक्र, तिन्ही दुपारी ठीक तीनला आवाज सुरू व्हायचा. रोज पहिल्या शब्दापासून, रोज आणखी पुढे. ऐकून ऐकून पहिले वीस मला पण पाठ झाले, त्याच क्रमानं. बाहेर गल्लीतून पोरीबाळी नटून राजवाड्याची रोषणाई बघायला चाललेल्या, आणि आत समईत त्या सगळ्या मातीच्या डोळ्यांसमोर ही मायलेक. वारा नव्हता, तरी प्रत्येक ठोक्याला राणीच्या बाहुलीची मान हलत होती. पायरीला धक्का बसत असेल. मी स्वतःला असंच सांगितलं.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला दोनशे अकरावा शब्द झाला. अनुसूयेनं अर्थ सांगितला, वाक्य सांगितलं. गंगाबाईंनी ठोका दिला आणि मूठ उघडली. मग त्यांच्या स्वतःच्या आवाजात, जाड, खर्जातल्या, जो मी कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "भरलं. उचला."

अनुसूयेनं जमिनीला डोकं टेकलं. नंतर मला सांगितलं, कापडाचा तागा पुरा छापून झाला की आई हेच ओरडायची, मग पुरुषमाणसं कापड उचलून वाळत घालायची. त्या दिवसानंतर गंगाबाई पुन्हा बोलल्या नाहीत. वर्षभर होत्या, अशाच डोळे मिटून.

शनिवारी सकाळी दसऱ्याची पूजा करून वहिनीनंच लाल दोरा सोडला. मी शेजारीच होते. वरची पहिली चिठ्ठी अनुसूयेनं उचलली, दुसरी, तिसरी. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मनातल्या मनात पुढचा शब्द म्हणत होते आणि तोच निघत होता. वीसच्या वीस, गंगाबाईंनी म्हटलेल्या क्रमानं. वहिनीनं खाली पडलेल्या उलटसुलट गोळा करून बांधलेला गठ्ठा तो. मंगळवारपासून कुणाचा हात लागला नव्हता, आणि गंगाबाई तर खुर्चीतून उठतच नव्हत्या.  अनुसूयेनं चिठ्ठ्या सारख्या केल्या आणि डब्यात ठेवल्या. त्या दिवशी तिनं वाचलं नाही. संध्याकाळी सगळा मोहल्ला बन्नीमंटपला मशालींची कवायत बघायला गेला, ही आईचे पाय चेपत बसली.

रविवारी पेपर दिला. दिवाळीच्या आदल्या दिवशी निकाल लागला, इंग्लिशच्या भागात सात मार्क जास्तीच. सरांनी त्याच आठवड्यात डॉक्टरेटला तिचं नाव घातलं.

मग वहिनी दिवाळीला आली आणि पेढा तोंडात असतानाच सुरू झाली. पास झालीस ते चांगलंच, पण पूजेत बसलेली विद्या तू तीन दिवस चालवलीस. घरात काही होण्याआधी प्रायश्चित्त घे. चामुंडी डोंगराच्या हजार पायऱ्या, प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढायचं. मला काय, तमाशा हवाच होता. मी पण वहिनीची बाजू घेतली. म्हटलं, नियम म्हणजे नियम, डॉक्टरीणबाई, उद्या तुमचा हात बधिर झाला तर नळ्या कोण धरणार.

अनुसूयेनं शांतपणे पेढा संपवला. बोटं पुसली. मग विचारलं, नियम नेमका काय आहे वहिनी, सांगा बघू.

"हत्याराला हात लावायचा नाही, अक्षर वाचायचं नाही," वहिनी म्हणाली.

"मी ठसा धरला?"

"नाही, पण..."

"चिठ्ठी वाचली?"

"तू शब्द म्हटलेस की."

"आईनं म्हटले. मी उत्तर दिलं. आईनं विचारलं तर गप्प बसायचं असं कुठल्या शास्त्रात आहे?" मग वहिनीकडे रोखून बघत म्हणाली, "आणि तुम्ही बुधवारपासून आरती कशी केलीत? पाठ नव्हती ना तुमची. अक्कांच्या घरी बसून त्यांच्या पुस्तकात बघून म्हटलीत. तीन संध्याकाळ. मी भिंतीपलीकडून ऐकत होते."

वहिनीच्या हातातला पेढा हातातच राहिला. मी हसायला तोंड उघडलं, तर बाई माझ्याकडे वळली.

"आणि पुस्तकावर चष्मा लावून ओळ कोण दाखवत होतं, अक्का?"

 मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. ती म्हणाली, देवीला माहीत आहे, हळू चढा. मग स्वयंपाकघरात जाऊन कुंकवाचे दोन डबे घेऊन आली आणि एक वहिनीसमोर ठेवला, एक माझ्यासमोर. पाचशे-पाचशे पायऱ्या वाटून घ्या म्हणाली, सकाळी सहाला पायथ्याशी सोडते, स्कूटरवर एकेक करून.

सोडलंन पण.