जीव घाबरून राहिला

ज्यांच्या हाताखाली मी इंटर्नशिप केली, त्या सरांच्या सत्काराची पत्रिका परवा आली. तीत त्यांना ‘रुग्णाची भाषा जाणणारे धन्वंतरी’ म्हटले आहे. पत्रिकेला अत्तर लावलेले होते, पण मला आला तो भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या त्या वॉर्डातल्या फिनाइलचा वास.

सर पुण्याकडचे. राउंडला ते पुढे आणि आम्ही दहाजण मागे, वरातीसारखे. जवळच्या करडी गावाहून आलेली एक बाई खाटेवर घामाने भिजून बसली होती.

“जीव घाबरून राहिला जी,” ती म्हणाली.

“घाबरायचं काय? आम्ही डॉक्टर आहोत, वाघ नाही.”

“भेव नाही जी. जीव घाबरून राहिला.”

“भीती नाही, पण घाबरते!” सर आमच्याकडे वळून म्हणाले. वरात हसली. मी जरा मोठ्यानेच हसलो, कारण माझ्या इंटर्नशिपच्या वहीवर सरांची सही बाकी होती.

मी मोहाडीचा. आमच्याकडे जीव घाबरतो म्हणजे छातीत कासावीस होते, हे मला पक्के ठाऊक होते. मी इकडचाच, हे बाईलाही माझ्या बोलण्यावरून कळले असावे. “बाबू, तू तं आपल्याकडचा आहेस. सांग ना साहेबायले.”

“सर बरोबरच म्हणून राहिले, मावशी,” मी म्हणालो आणि सरांच्या सांगण्यावरून केसपेपरवर लिहिले: मानसिक भीती, ईसीजीची गरज नाही.

दुपारी ती हृदयविकाराने गेली. तिच्या नवऱ्याने मला विचारले, “शेवटी भ्याली होती का जी ते?”

“नाही,” मी म्हणालो, “भेव नोहता. जीव घाबरत होता.”

हेच वाक्य सकाळी सरांसमोर बोललो असतो, तर फार तर माझ्या वहीवरची सही लांबली असती.