मावशींच्या कमरेतला पाहुणा

शिंपीणमावशींनी सुनेवरच्या रागापायी तान्ह्या नातीला हात लावणं सोडलं, अशी आवई गल्लीभर उठली. राग कसला? कमरेवर नागीण उठली होती. फोडांमुळे बाळाला कांजिण्या होतील म्हणून मावशी दारातूनच तिच्याकडे आसुसून बघत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू तुमच्या मज्जातंतूत झोपला होता. वयानं प्रतिकारशक्ती थकली, तसा तो उठला."

मावशी दुखणं विसरून थक्क झाल्या. साठ वर्षं! लग्न, बाळंतपणं, मशीनवर शिवलेले ढीगभर झगे, सगळ्याला तो आत हजर होता, आणि त्यांना पत्ता नव्हता!

शेवटची खपली पडली, तशी नात मांडीवर आली. सून हसली, "आई, झोपला वाटतं परत तुमचा पाहुणा?"

"झोपू दे की! इतकी वर्षं निजला, पण तुझ्या सासऱ्यांसारखा एकदाही घोरला नाही."