पंपाखालचा पांढरा थर

नाकवाले मिस्त्री हे टोपणनाव त्यांना कोणी दिले, याविषयी एकमत नाही. पत्नीच्या मते शेजारच्या टायरवाल्याने. खुद्द मिस्त्रींच्या मते गिऱ्हाइकांनी. ते कशावरून पडले याविषयी मात्र दुमत आढळत नाही. गॅरेजात आलेल्या गाडीखाली काही टिपकत असेल तर मिस्त्री उकिडवे बसत, जमिनीवरच्या थेंबाला बोट लावत, बोट नाकाशी नेऊन डोळे मिटत आणि निकाल देत. इंजिनाचे तेल असो, ब्रेकचे तेल असो, इंजिन थंड ठेवणारे, रेडिएटरमधले गोडसर वासाचे कुलंट असो वा एसीचे साधे पाणी, त्यांचे बोट चुकल्याचे उदाहरण मला त्या काळापुरते तरी सापडले नाही. कामाशिवाय येऊन बाकावर बसणारी मंडळी हा प्रयोग बघायला थांबत.

"मिस्त्री, नाकाचा विमा उतरवा," टायरवाला म्हणे. "यंत्रं काय, दुसरी मिळतील."

एका हिवाळ्यात मिस्त्रींना ताप आला. ताप उतरला, वास परतला नाही. हे प्रथम ध्यानात आले ते पत्नीच्या. दूध करपून भांडे काळे झाले होते आणि मिस्त्री शेगडीपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो, घरभर वास सुटलाय. तुम्हाला नाही आला?"

"लक्ष नव्हतं."

"लक्ष कानाला लागतं. नाकाला कशाला लागतं?"

मिस्त्रींनी पान उलटले. डॉक्टरांचा विषय तिने पुढे अनेकदा काढला आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो "बघू" म्हणून टाळला. गॅरेजात बोट नाकाशी नेणे त्यांनी थांबवले नाही. थेंबाचा रंग, बुळबुळीतपणा आणि गाडीखालची जागा यांवरून बहुतेक दोष ओळखता येतात. जिथे शंका असे तिथे ते रेडिएटरच्या टाकीचे झाकण उघडून खात्री करून घेत, पण गिऱ्हाईक गाडी ठेवून गेल्यावर. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा ते पान्हे पुसत होते, आणि ते पान्हे आधीच स्वच्छ होते.

पुढचा प्रसंग मिस्त्री, त्यांची पत्नी आणि मुलगी यांनी वेगवेगळा सांगितला. जिथे कथने जुळत नाहीत तिथे तसे नमूद केले आहे.

मुलगी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडून व्यायाम करून घेते. गाडी तिच्या सासऱ्यांची, पण चालवते ती. सासरे कोठारावर नोकरी करून निवृत्त झालेले, काटकसरी गृहस्थ. टाकीतले कुलंट कमी झाले की ते नळाचे पाणी ओतत. त्यामुळे कालांतराने त्याचा हिरवा रंग नाहीसा झाला होता. वास तेवढा शिल्लक होता, तोही मंद. एका उन्हाळी दुपारी ते स्वतः गाडी घेऊन गॅरेजात आले.

"व्याहीबुवा, खाली पाणी दिसतंय. काळजीचं आहे का?"

मंडळी सरसावून बसली. मिस्त्री वाकले. थेंब नितळ होता. त्यांनी बोट नाकाशी नेले, डोळे मिटले. काहीही आले नाही. आणि काहीही न येणे हीच तर एसीच्या पाण्याची खूण.

"एसीचं पाणी आहे. उन्हात आपल्याला घाम येतो, तसा गाडीला."

"टाकी उघडून बघायची का एकदा?"

"अहो, नाकानं सांगितल्यावर टाकीला काय विचारायचं?"

सगळे हसले. एरवी मागाहून झाकण उघडता आले असते. व्याही मात्र चहा घेऊन गाडीसह परत गेले, आणि मिस्त्रींनी त्यांना थांबवले नाही.

त्याच आठवड्यात चढावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ येऊ लागली तशी मुलीने गाडी कडेला घेऊन बंद केली. गाडी दोरीने ओढत गॅरेजात आणली गेली. मागोमाग सासरेही आले.

"तापमानाचा काटा लालवर जाईपर्यंत तुझं लक्ष कुठं होतं? फोनवर?"

"फोन पर्समध्ये होता, मामंजी. काटा एकदमच वर गेला."

"एकदम कसा जाईल? पाणी तुझ्या बाबांनी बघितलं होतं. आता त्यांचं चुकलं म्हणू का मी?" त्यांनी किल्ली खिशात टाकली. "यापुढे बसनं जात जा. मशीन हातात द्यायची म्हणजे जबाबदारी लागते."

तिचे रुग्ण शहराच्या चार टोकांना होते. बसने ते काम होण्यासारखे नव्हते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तिने वडिलांकडे पाहिले. मिस्त्री म्हणाले, "एखादा पाइप नव्यानं फुटला असेल. बघतो." हे वाक्य बापलेक दोघांनीही मला जसेच्या तसे सांगितले.

घरी पत्नीने विचारले, "काय निघालं?"

"अजून उघडली नाही."

"गाडी उघडायची राहिलीय, की तोंड?"

मिस्त्री जेवणावरून उठले. लेकीच्या सासरी आपल्या नाकाचा दबदबा आहे, याचा त्यांना केवढा अभिमान होता, ते पत्नीला माहीत होते. व्याह्यांनी त्या नाकावर विश्वास ठेवला आणि म्हणूनच सुनेवर ठेवला नाही. ते झोपायला गेले तेव्हा मुलीचा फोन आला. तो त्यांनी न घेता पत्नीकडे दिला.

दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवली. व्याही बाजूला उभे, मुलगी दाराशी. मिस्त्रींनी दिवा वर धरला. पाइप सगळे शाबूत होते. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी तिथून बाहेर येते आणि बघणाऱ्याला दोष कळतो. त्या भोकापासून इंजिनाच्या अंगावर एक पांढरट, गंजाच्या कडा असलेला थर उतरला होता. पाणी टिपकून, तापून, वाळून, पुन्हा टिपकून असा थर बसतो. तो एका दिवसाचा असूच शकत नव्हता.

"पाइपच ना?" व्याह्यांनी विचारले.

मिस्त्रींच्या दुसऱ्या हातात फडके होते. पुसण्याचा विचारही मनात आला नाही, असे ते म्हणतात. फडके थरापर्यंत गेले आणि तिथेच राहिले, असे मुलगी म्हणते. मला मुलीचे कथन अधिक ग्राह्य वाटते.

"व्याहीबुवा, जरा इकडे खाली या."

"मला त्यातलं काय कळणार?"

"हे कळेल. हा थर बघा. जुना आहे. तुम्ही गाडी आणलीत त्या दिवशीही हेच पाणी गळत होतं."

"तुम्ही तर वास घेऊन सांगितलंत."

"मला वास येत नाही. तापानंतर गेला."

व्याह्यांना हे समजायला थोडा वेळ लागला.

"मग बोट नाकाला लावता ते?"

"लोक बघत असतात."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी हिला नको ते बोललो," ते म्हणाले.

"मी समोर उभा होतो," मिस्त्री म्हणाले.

पंप बदलला. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, सुदैवाने तापून वाकले नव्हते. नवे कुलंट भरून, पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला; तो कोरडाच राहिला. व्याह्यांनी किल्ली सुनेच्या हातात दिली आणि कोणाकडे न पाहता ते फाटकाबाहेर गेले.

मुलगी गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि काल मी इथं उभी होते तेव्हा?"

मिस्त्रींनी वाकून गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला.

"चौकातल्या गॅरेजात एकदा दाखवून घेते. मग कामाला."

हे बाकावरच्या सगळ्यांनी ऐकले. तिने आवाज चढवलाही नव्हता आणि उतरवलाही नव्हता.

"दाखव," मिस्त्री म्हणाले. "पंपाखाली दिवा धरून बघायला सांग. टाकीही उघडायला सांग, पण गार झाल्यावर."

"सांगते. जाते."

गाडी फाटकाबाहेर पडून चौकाच्या दिशेने वळली. मिस्त्री दारात उभे होते. मागे टायरवाला काहीतरी बोलायचे म्हणून बोलू लागला.