नांगरलेलं घर

सातपाटीत जिवल्या तांडेलाचा शब्द समुद्रावर चाले, जमिनीवर मात्र त्याचं काही चालत नसे. खोल पाण्यात सहा खलाशी त्याच्या नुसत्या नजरेवर शीड उतरवत, आणि घरी बायको हिरा त्याला चहात साखर किती हवी तेही विचारत नसे.

पासष्ट सालच्या आश्विनात भर दुपारी वादळ आलं आणि त्याच्या घराचं छप्पर उडालं. उडालं म्हणजे साधंसुधं नव्हे. अख्खंच्या अख्खं उठलं, तीन घरं ओलांडून गेलं आणि मेहुण्याच्या, म्हणजे कमलाकांतच्या अंगणात जाऊन बसलं. आढ्याला अडकवलेली हिराची छत्रीसुद्धा तिथेच मिळाली, धड. हिरा छत्री आणायला गेली ती भावाकडेच राहिली.

"पयलं छप्पर टिकणारं घर बांधा," तिने निरोप धाडला. "त्याच्यावरनं एक वादळ जाऊ दे. तवर मी पाऊल ठेवायची नाय."

जिवल्याला हे फार लागलं. स्वतः भात रांधायचा आणि तो करपलेला भात स्वतःच गिळायचा, हे दुःख होतंच. पण सव्वीस वर्षांत ज्याने एकही होडी वादळात गमावली नाही, त्याचं घर जावं? त्याने डोकं चालवलं. होडी का टिकते? तिचं तोंड वाऱ्याकडे असतं, गाठी दोराच्या असतात, आणि पुढे नांगर असतो. घर मात्र वाऱ्यासमोर आडवं छाताड काढून उभं! मग दुसरं काय होणार?

वैशाखात त्याने बांधायला घेतलं. नैऋत्येकडची भिंत होडीच्या तोंडासारखी निमुळती केली. छप्पर बसकं ठेवलं. वासे खिळ्यांनी न ठोकता काथ्याने आवळले, छपरावरून जाड दोर घेतला आणि त्याच्या टोकाला खराखुरा लोखंडी नांगर वाळूत पुरला. दार अर्थातच मागच्या अंगाला गेलं, त्यामुळे रस्त्याने येणाऱ्याला घरात कुठून शिरायचं ते कळेना.

"भावजी, कंच्या बंदराला निघालाव?" कमलाकांत रोज विचारी.

हिरा भावाच्या ओट्यावरून सगळं बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

साताऱ्याकडचा खंडेराव गवंडी तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राच्या कामावर होता. दर रविवारी तो हिराकडे सुके बोंबील घ्यायला येई. त्याने एकदा घराभोवती फेरी मारली आणि नांगरालाही हात जोडले.

"बेस बांधलंय की वो तांडेल. पर वारं मागनं आलं तर?"

"मागनं कसा येल? वारा फिरला की होडी बी फिरते," जिवल्या हसत म्हणाला, आणि तिथेच त्याचं हसू अडकलं.

होडी फिरते. घर कसं फिरणार? जन्मभर वाऱ्याबरोबर फिरलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शाळेतल्या पोरानेही ही चूक केली नसती. ती करायला मुरलेला तांडेलच लागतो. कमलाकांत हसून हसून ओट्यावर आडवा झाला.

"चाकं लावा, भावजी!"

जिवल्या खाली मान घालून वाळूत बसून राहिला. ते बघून हिराच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला हसायचा हक्क तिचा होता, भावाचा नव्हता. हातातली पाटी टाकून ती तरातरा आली आणि अंगणाच्या कडेशी थबकली.

"माझ्या वलांडी कदी बघितल्या काय?" तिने किनाऱ्याकडे बोट केलं. बोंबील वाळत घालायच्या तिच्या बांबूच्या वलांडी तिथे गेल्या वादळातूनही उभ्या होत्या. "त्यांना कुठं हाय तोंड? परत्येक टोकाला चारी अंगांनी दोराचे ताण दिलेत. वारा कुठनं बी येऊ दे."

"मी बांदतो तशे ताण," जिवल्या उठत म्हणाला.

"तुमी नको. तुमच्या गाठी होडीच्या, एक हिसका दिला की सुटतात."

मग तिने पदर खोचला आणि तीन दिवस खपून चारी कोपऱ्यांना ताण दिले, सगळे बाहेरून. उंबऱ्याला तिचं पाऊल लागलं नाही.

पुढच्या आश्विनात पुन्हा भर दुपारी वादळ आलं. आधी नैऋत्येकडून घोंघावलं, मग गर्रकन फिरलं आणि पाठीमागून आलं. कमलाकांतची कौलं पत्त्यांसारखी उडाली, आणि बायकापोरांना घेऊन तो धावत सुटला तो थेट जिवल्याच्या दारात.

"कंच्या बंदरावरनं आलास?" जिवल्याने विचारलं आणि त्याला आत ओढलं.

त्यांच्यामागून आलेली हिरा मात्र भिजत बाहेरच. वादळ घरावरून अजून गेलं कुठे होतं? जिवल्याला हसू येईना. त्याने दारातून हात पुढे केला.

"हिरे, आत ये ग. माझ्यासाठी ये."

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि उंबरा ओलांडला.

"मी ऱ्हायला नाय आले," ती म्हणाली. "गाठी बघायला आले."

दोर करकरले, घर जरा डुललं, छप्पर जागचं हललं नाही.

त्यानंतर हिरा परत गेली नाही, पण राहायला आले असंही तिने कधी म्हटलं नाही. नातवंडं झाली तरी रोज सकाळी चारी कोपऱ्यांचे दोर ओढून बघे आणि कोणी विचारलंच तर सांगे, "मी गाठी बघायला आलेय." जिवल्या तोवर चूल पेटवून बसलेला असे. ती आत आली की तो तिला चहात साखर किती घालू ते विचारी.