होरेचं भांडण

नव्या पंचांगाच्या शाईचा वास आला की मी अजूनही मनाने किहीमच्या आमच्या पडवीत जाऊन बसते.

वडील, म्हणजे आप्पा, गावचे जोशी. शेजारच्या गुरुजींना शब्दांची मुळं शोधायचं वेड. होरा, म्हणजे ग्रहाच्या नावाचा तास, या एकाच शब्दावरून दोघांचं वर्षानुवर्षं भांडण. आप्पा म्हणायचे, "अहोरात्र शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळा, होरा उरते." गुरुजी हसायचे. "अहो जोशीबुवा, ग्रीक लोक तासाला होरा म्हणायचे. तुमच्या पत्रिकेतलं केंद्रही त्यांचंच. समुद्रावरून आलेत हे शब्द."

एके साली ताईला ताप चढला. अलिबागच्या डॉक्टरांकडे न्यायला गाडी जुंपली, तर आप्पा म्हणाले, "थांबा. तासाभरात गुरूची शुभ होरा लागेल." बैल अंगणात घुंगरं हलवत उभे राहिले. होरा लागली तेव्हा ताई गेली होती.

तेराव्यानंतर गुरुजी आले. आप्पा खाली बघत म्हणाले, "तुम्ही जिंकलात गुरुजी. होरा ग्रीकांचीच. आपली नव्हतीच ती."

गुरुजींनी त्यांचा हात धरला. "नाही हो बुवा. अहोरात्रच. मीच चुकत होतो."

गुरुजी धडधडीत खोटं बोलले म्हणून तेव्हा मला राग आला होता. आता केस पांढरे झाल्यावर कळतं, त्या दिवशी त्यांच्याजवळ द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

आप्पांनी हात सोडवून घेतला. "शब्द कुणाचा का असेना, गुरुजी. 'थांबा' मीच म्हणालो."